विश्लेषण : पुरुषाने स्कर्ट घातला की नेमका कोणता नियम मोडतो?

२०२२ मध्ये मुंबईच्या लोकलमधला एक व्हिडिओ हजारो मोबाइलवर फिरला. स्कर्ट घातलेला एक तरुण डब्यातल्या मधल्या वाटेतून, रॅम्पवर चालावे तसा चालत येतो आणि दोन्ही बाजूंच्या नजरा त्याच्याकडे वळतात. फॅशन आणि मेकअपचे व्हिडिओ करणाऱ्या या तरुणाचे काहींनी कौतुक केले, काहींनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. गंमत अशी की, त्याच डब्यात एखादा प्रवासी लुंगी लावून चढला असता तर कुणी मान वर करूनही पाहिले नसते. लुंगीही कमरेभोवतीचा कापडाचा घेरच, तिलाही दोन पाय वेगळे नसतात. मग लुंगी चालते आणि स्कर्ट खटकतो, असे का? हा नियम कुणी केला, कधी केला आणि तो मोडणाऱ्याला आज काय किंमत मोजावी लागते?

हा वाद दर उन्हाळ्यात का उफाळतो?

पुरुषांच्या स्कर्टच्या बातम्या युरोपातून येतात त्या बहुधा जूनमध्ये. कारण फॅशनचे नसते, घामाचे असते. जून २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये १९७६ नंतरचा सर्वांत उष्ण जून-दिवस नोंदवला गेला. त्याच आठवड्यात डेव्हन परगण्यातल्या एक्सेटर शहरात इस्का अकॅडमी या शाळेतल्या मुलांनी हाफ पँट घालण्याची परवानगी मागितली. गणवेशात मुलांसाठी फक्त फुल पँट होती, मुलींसाठी मात्र पँट आणि स्कर्ट दोन्ही. परवानगी मिळाली नाही. पण गणवेशाच्या यादीत स्कर्ट होताच आणि तो मुलांनी घालू नये असे त्यात कुठे स्पष्ट लिहिलेले नव्हते. मुलांनी बहिणींचे, मैत्रिणींचे चौकड्यांचे स्कर्ट उसने घेतले. पहिल्या दिवशी चार-पाच जण होते, दुसऱ्या दिवशी तीसेक झाले. कॅमेरे शाळेच्या फाटकाशी आले. पुढच्या वर्षापासून हाफ पँटचा समावेश करण्याची तयारी शाळेने दाखवली.

त्याच उन्हाच्या लाटेत फ्रान्समधल्या नांत शहरातले बसचालकही स्कर्ट घालून कामावर आले. त्यांचे म्हणणे सरळ होते: काचेतून ऊन थेट अंगावर येते, हाफ पँटला बंदी आहे आणि महिला चालकांना मात्र स्कर्टची मुभा आहे. त्याआधी चार वर्षे, म्हणजे २०१३ मध्ये, स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या उपनगरी रेल्वेवरच्या डझनभर पुरुष चालकांनी हीच युक्ती केली होती. तिथल्या व्यवस्थापनाने वाद घातला नाही. स्त्रियांना जे चालते ते पुरुषांना नाकारणे हा भेदभाव ठरेल, असे सांगून त्यांनी विषय मिटवला.

या तिन्ही घटनांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यातल्या बहुतेकांना स्कर्ट हवा नव्हता. त्यांना हाफ पँट हवी होती. स्कर्ट हे हत्यार होते आणि ते चालले, कारण पुरुषाने स्कर्ट घालणे हे व्यवस्थापनाला हाफ पँटपेक्षा जास्त लाजिरवाणे वाटते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याला स्कर्ट खरोखरच आवडतो म्हणून घालायचा आहे, त्याची गोष्ट वेगळी आणि अवघड. तिच्याकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

पँट ‘पुरुषी’ कधीपासून झाली?

याचे उत्तर घोड्याच्या पाठीवर सापडते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तुर्फानजवळच्या यांगहाय दफनभूमीत लोकरी विजार सापडली. ती सुमारे ३ हजार वर्षांपूर्वीची असून आजवर सापडलेल्या विजारींमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. तिची शिवण पाहून अभ्यासकांचे मत झाले की ती स्वारीसाठी बेतलेली आहे. नुसते कापड गुंडाळून तासन्‌तास घोड्यावर बसले की मांड्या सोलवटून निघतात. चीनमधल्या झाओ राज्याच्या वूलिंग राजाने इसवी सनपूर्व ३०७ मध्ये सैन्याला झगे सोडून उत्तरेकडच्या भटक्या घोडेस्वारांसारख्या विजारी घालायला लावल्या. दरबाऱ्यांना ते रानटी वाटले.

रोमनांनाही तसेच वाटे. त्यांच्या लेखी सभ्य पुरुष म्हणजे ट्यूनिक आणि टोगा घालणारा. विजार घालत ते गॉल आणि जर्मन टोळीवाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस तर रोम शहरात विजार घालण्यास बंदी करणारा शाही हुकूमच निघाला होता. म्हणजे ‘मर्दांनी पँट घालावी’ हा नियम सनातन वगैरे नाही. एके काळी पँट घातली म्हणून पुरुषाला असभ्य ठरवले जात होते.

युरोपात पुढे विजार रुळली, पण पुरुषांचा नटण्याचा हक्क अठराव्या शतकापर्यंत शाबूत होता. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे उंच बूट घाली. लेस, रेशीम, रिबिनी, पावडर लावलेले केसांचे टोप हे सारे पुरुषांचेही होते. मग फ्रेंच राज्यक्रांती आली, कारखाने आले, दुकानदार आणि कारकून वर्ग पुढे आला. नटणे म्हणजे आळशी उमराव, साधा गडद सूट म्हणजे कष्टाळू नागरिक, असे समीकरण बसले. जे. सी. फ्ल्युगेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये कपड्यांच्या मानसशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात या बदलाला ‘पुरुषांचा महान त्याग’ असे नाव दिले. सुंदर दिसण्याचा हक्क पुरुषांनी सोडून दिला आणि उपयोगी दिसण्यावर समाधान मानले, असे त्याचे म्हणणे. फ्ल्युगेल नुसता लिहून थांबला नाही. १९२९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘मेन्स ड्रेस रिफॉर्म पार्टी’मध्ये तो होता. या मंडळींना ताठ कॉलर, टाय आणि जाड विजारींतून पुरुषांची सुटका करायची होती. सैल सदरे, हाफ पँट आणि किल्टचाही त्यांनी पुरस्कार केला. वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर टिंगल केली आणि १९४० पर्यंत चळवळ संपली.

आणखी एक विसरलेली गोष्ट म्हणजे लहान मुलगे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोप-अमेरिकेत चार-सहा वर्षांपर्यंतच्या मुलग्यांनाही झगेच घालत. लंगोट बदलायला ते सोपे पडत. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ मधला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात अडीच वर्षांचे रूझवेल्ट झगा घालून, लांब केस मोकळे सोडून बसलेले दिसतात. तेव्हाच्या आईबापांना त्यात काहीच वावगे वाटत नव्हते.

पण किल्ट तर चालतो की!

हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. स्कॉटिश पुरुष लग्नात, फुटबॉल सामन्याला, लष्करी संचलनात किल्ट घालतो आणि कुणी त्याला बायकी म्हणत नाही. उलट, किल्ट म्हणजे मर्दानी असाच समज आहे. पण त्यामागे आहे जवळपास दीडशे वर्षांचे राजकारण.

मूळचा किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसाची मोठी लोकरी घोंगडी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिचे उल्लेख सापडतात. ती जमिनीवर पसरून, चुण्या घालून, कमरेला पट्ट्याने आवळायची आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. रात्री तीच पांघरायची. आज दिसतो तो फक्त कमरेखालचा, शिवलेल्या चुण्यांचा किल्ट अठराव्या शतकातला. तो लँकेशायरमधल्या एका इंग्रज लोखंड कारखानदाराने कामगारांच्या सोयीसाठी काढला, असे एक मत आहे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ते उचलून धरले. स्कॉटिश लोकांना ते अर्थातच रुचत नाही आणि त्याविरुद्धचे पुरावेही दिले जातात.

१७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून सैन्याबाहेरच्या पुरुषांना किल्ट आणि डोंगराळ भागातला पेहराव करण्यास बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षांची समुद्रापार हद्दपारी. १७८२ मध्ये कायदा रद्द झाला, तोवर किल्ट हे अन्याय झालेल्या मातीचे चिन्ह बनले होते. बंदीतून वगळलेल्या स्कॉटिश पलटणींनी ब्रिटिश साम्राज्यासाठी लढताना किल्ट घातला, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांतही घातला. मधे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळाच टार्टनमय करून टाकला. लठ्ठ राजाने स्वतः आखूड किल्ट घातला, खाली गुलाबी रंगाची तंग विजार. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली, पण त्यानंतर किल्ट प्रतिष्ठित झाला.

थोडक्यात, किल्टला बंड, सैन्य आणि राजा अशी तिघांची मोहोर मिळाली. नुसत्या स्कर्टला ती नाही. पारंपरिक पद्धतीच्या चांगल्या किल्टला आठ यार्ड लोकरी कापड लागते. आपल्याकडचा वार म्हणजे यार्डच, त्यामुळे किल्टला कुणी आठवारी म्हटले तर हिशेब चुकणार नाही. ग्रीसच्या राष्ट्रपतींच्या रक्षकांचा पांढरा, चुण्याचुण्यांचा फुस्तानेला किंवा फिजीच्या पोलिसांच्या गणवेशातला कातरलेल्या कडांचा सुलू यांचीही गोष्ट हीच. फुस्तानेलाच्या ४०० चुण्या ऑटोमन सत्तेच्या ४०० वर्षांची आठवण देतात, असे ग्रीक सांगतात. म्यानमारमध्ये लष्करशहापासून रिक्षावाल्यापर्यंत लुंगीसारखा लौंजी, श्रीलंकेत सारोंग. जगातल्या कोट्यवधी पुरुषांचे पाय आजही एकाच कापडात असतात.

‘नेसणे’ आणि ‘घालणे’

मराठीने या बाबतीत एक बारीक भेद जपला आहे. धोतर नेसतात, साडी नेसतात, सोवळे नेसतात. पँट, सदरा, स्कर्ट घालतात. न शिवलेले कापड नेसायचे, शिवलेले घालायचे. भाषेने रेघ ओढली ती शिवणीवर. पुरुष आणि बाई अशी ती ओढलेलीच नाही.

त्याहून मजेशीर बाब म्हणजे काष्टा. ‘पुरुषाचे दोन पाय वेगळे, बाईचे एकत्र’ हा पाश्चात्त्य पोशाखातला मूलभूत भेद महाराष्ट्रात कधी लागूच पडत नव्हता. पारंपरिक नऊवारीचा काष्टा पायांमधून मागे खोचला जातो. म्हणजे ती रचनेने विजारीच्या जवळची. शेतात वाकायला, डोक्यावर पाटी घेऊन चालायला, घोड्यावर बसायलाही सोयीची. कोळिणींची साडीही काष्ट्याचीच. उलट कोकणात, गोव्यात आणि दक्षिणेत पुरुष काष्टा न घालता लुंगी-मुंडू लावत आले. धोतराला कासोटा असतो म्हणून ते दुटांगी. लुंगीला नसतो, ती सरळ स्कर्टच्या जातीची. आपल्या आजी-आजोबांचे घरातले कपडे युरोपीय नियमाने मोजायचे ठरवले तर आजी पँटमध्ये आणि आजोबा स्कर्टमध्ये, असेच म्हणावे लागेल.

शिवलेला घेरही पुरुषांना परका नव्हता. मोगल, राजपूत आणि मराठा दरबारांच्या चित्रांत पुरुषांच्या अंगावर कमरेपासून खाली घेर सुटलेला जामा दिसतो, त्याखाली सुरवार. पहाटे दारावर येणाऱ्या वासुदेवाचा अंगरखा पायघोळ आणि घोळदार. पोतराजाच्या कमरेला तर रंगीबेरंगी कापडांचा घागराच असतो, हातात आसूड, पायात चाळ. गोंधळ्याचा झगा, गजनृत्यातल्या धनगरांचे पांढरे घेरदार पोशाख. यातल्या कुणाकडे पाहून लोक हसत नाहीत, कारण त्या घेराला देवाची किंवा कलेची परवानगी आहे.

ती परवानगी मात्र त्या चौकटीपुरती. बालगंधर्व रंगमंचावर शालू नेसून उभे राहत तेव्हा घरंदाज बायका त्यांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल करत. आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पण तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला हा मान आला नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा २०१० मधला ‘नटरंग’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या भूमिकेची किंमत रंगमंचाखाली कशी मोजावी लागते हे सांगायला नको. संगीत नाटक आणि तमाशा यांच्यातला हा फरक कपड्यांचा कमी आणि जातीचा, वर्गाचा जास्त.

लुंगीलाही हे चुकलेले नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा घुमली. तेव्हा लुंगी बायकी म्हणून खटकत नव्हती, दाक्षिणात्य म्हणून खटकत होती. एकच कापड, पण कोण लावतो त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

बाईने पँट घातली तर चालते, मग उलटे का नाही?

बाईलाही सहज चालू दिले नव्हते. पॅरिसमध्ये १८०० मध्ये निघालेल्या पोलिसी आदेशानुसार पुरुषी पोशाख करायचा असेल तर बाईला परवानगी घ्यावी लागे. पुढे हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल असेल तर चालेल, अशी सूट दिली गेली. हा आदेश निरर्थक ठरल्याचे फ्रेंच सरकारने अधिकृतपणे जाहीर केले ते थेट जानेवारी २०१३ मध्ये. अमेरिकेच्या सिनेटमध्ये महिला सदस्यांना सभागृहात पँट घालता येऊ लागली ती १९९३ पासून.

तरीही स्त्रिया हा टप्पा पार करून गेल्या. युद्धकाळात कारखान्यांत काम करताना पँटची गरज होती, नंतर कार्यालयांत. शिवाय समाजाच्या उतरंडीत पुरुषाचे कपडे म्हणजे वरच्या पायरीचे. ते घालणारी बाई आगाऊ ठरते, पण ‘वर’ जाताना दिसते. पुरुषाने बाईचे कपडे घातले की तो ‘खाली’ उतरला, असे मानले जाते. आपल्या बोलण्यात हे उघड आहे. ‘बांगड्या भरल्यात का?’ ही शिवी आहे. मोर्चेकरी निष्क्रिय अधिकाऱ्याला साडी-चोळीचा आहेर करायला जातात आणि त्या मोर्चात अनेकदा महिला पुढे असतात. आपल्याच पोशाखाचा अपमान म्हणून वापर होतो आहे, हे त्या गर्दीत कुणाला खटकत नाही. स्कर्ट घातलेल्या मुलाला हसणारेही बहुधा स्कर्टला हसत नसतात. बाईसारखे दिसायला तयार होणाऱ्या पुरुषाला हसत असतात.

ताऱ्यांना टाळ्या, बाकीच्यांना टोमणे?

फॅशनच्या मंचावर पुरुषांचा स्कर्ट नवा नाही. फ्रेंच डिझायनर ज्याँ पॉल गोतिए याने १९८५ च्या संग्रहात पुरुषांना स्कर्ट घालून उतरवले. २००३ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या विषयावर स्वतंत्र प्रदर्शनच भरवले. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम १९९८ मध्ये सारोंग लावून बाहेर पडला तेव्हा ब्रिटिश टॅब्लॉइडनी त्याची पिसे काढली. आज तोच फोटो फॅशनच्या इतिहासातला महत्त्वाचा क्षण म्हणून छापला जातो. डिसेंबर २०२० मध्ये गायक हॅरी स्टाइल्स अमेरिकी ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर एकटा झळकणारा पहिला पुरुष ठरला. अंगावर लेसची सजावट असलेला झगा होता. मर्दानी पुरुष परत आणा, अशी हाक तेव्हा अमेरिकेतल्या एका उजव्या विचारांच्या भाष्यकार महिलेने दिली होती. २०२२ मध्ये बर्लिनमधल्या चित्रपटाच्या खेळाला ब्रॅड पिट तपकिरी लिननचा स्कर्ट घालून आला आणि कारण विचारल्यावर त्याने वाऱ्याची झुळूक असे दिले. आपल्याकडे रणवीर सिंगचे घेरदार अंगरखे आणि स्कर्ट एव्हाना बातमीही राहिलेले नाहीत.

पण साठीला टेकलेल्या, जगप्रसिद्ध ब्रॅड पिटला झुळूक घ्यायला काय धोका? हा प्रश्न अभिनेता बिली पोर्टरने वेगळ्या शब्दांत विचारला होता. २०१९ च्या ऑस्करला तो वर टक्सिडो आणि खाली मखमली घेरदार गाऊन अशा वेशात आला होता. स्टाइल्सच्या मुखपृष्ठानंतर त्याने तक्रार केली की, कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष म्हणून ज्यासाठी आपण आयुष्यभर झगडलो, त्याचे श्रेय सहज दुसऱ्याला मिळाले. स्टाइल्सचे नाव घेतल्याबद्दल पुढे त्याने माफी मागितली, मुद्दा मात्र मागे घेतला नाही.

स्पेनमधले उदाहरण जास्त बोलके आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बिल्बाओमधल्या एका शाळकरी मुलाने स्कर्ट घालून वर्गात पाऊल टाकले. त्याला वर्गाबाहेर काढून शाळेच्या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आले. त्याने टिकटॉकवर हे सांगितले आणि पुढच्याच महिन्यात देशभरातले अनेक मुलगे स्कर्ट घालून शाळेत गेले. ‘कपड्यांना लिंग नसते’ अशी त्यांची घोषणा होती. काही शिक्षकांनीही स्कर्ट घालून वर्ग घेतले. गणिताच्या एका शिक्षकाने तर आपल्यालाही वीस वर्षांपूर्वी अशाच प्रकारे छळ सोसावा लागल्याचे सांगितले. तैवानमध्ये बांच्याओ इथल्या एका सरकारी विद्यालयाने २०१९ मध्ये मुलांनाही स्कर्टचा गणवेश निवडण्याची मुभा दिली. सुरुवातीला शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी आठवडाभर स्कर्ट घालून पाठिंबा दिला होता. या दोन्ही ठिकाणी एकटा मुलगा वर्गात शिरण्याऐवजी घोळका शिरला, हाच काय तो फरक. पण त्या फरकानेच टिंगल ओसरते.

स्कर्ट म्हणजे लैंगिक ओळख?

नाही, निदान दर वेळी नाही. काही तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींसाठी कपडे हा ओळखीचा भाग असतो, तर कित्येक पुरुषांना केवळ घेर, पोत किंवा हवेशीरपणा आवडतो. स्कर्टवरून माणसाचा कल ओळखता येत नाही, जसा जीन्सवरून मुलीचा ओळखता येत नाही. अडचण अशी की पाहणारा अर्थ लावतोच, आणि त्या अर्थाची शिक्षा दोघांनाही सारखीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात पोशाख, बोलणे आणि वागणे यांतून लिंगओळख व्यक्त करणे हा घटनेच्या १९(१)(क) कलमातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. तो निकाल तृतीयपंथींच्या हक्कांबाबतचा असला तरी कपडे ही अभिव्यक्ती आहे, हे त्यात स्वच्छ म्हटलेले आहे.

शरीराला काही फायदा होतो का?

उष्ण आणि दमट हवेत मोकळे कपडे बरे, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. वृषणांना शरीराच्या इतर भागापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागते, हेही माहीत आहे. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांची पाहणी केली. सैल अंतर्वस्त्रे घालणाऱ्यांत शुक्राणूंची घनता घट्ट घालणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आढळली. २०१३ मध्ये एका डच संशोधकाने स्कॉटिश वैद्यकीय नियतकालिकात किल्टचा असाच फायदा असू शकतो असे मांडले, पण ते अनुमान होते, प्रत्यक्ष चाचणी नव्हे. मुलासाठी स्कर्ट घ्या, असा डॉक्टरी सल्ला त्यातून निघत नाही.

गैरसोयीही आहेत. मोटारसायकलवर घेर सांभाळावा लागतो, गर्दीच्या लोकलमध्ये चढताना पायात येतो. बायकांच्या मापाचे स्कर्ट पुरुषाच्या कमरेला आणि नितंबांना नीट बसत नाहीत. सगळ्यात मोठी तक्रार खिशांची, आणि ती बायका कितीतरी वर्षे करत आहेत. सिएटलमध्ये २००० मध्ये सुरू झालेल्या ‘युटिलिकिल्ट्स’ या कंपनीने कामगारांच्या पँटसारखे मोठे खिसे लावलेले किल्ट विकायला सुरुवात केली, ते याच गरजेतून.

भारतात पुरुषाच्या पोशाखाचा नियम कोण करतो?

पुरुषाने स्कर्ट घालू नये असा कायदा भारतात नाही. नियम असतात ते कार्यालयांचे, शाळांचे, क्लबांचे, मॉलचे आणि देवळांचे. ते एकमेकांशी जुळत नाहीत. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषाला पँट घालून प्रवेश नाही, मुंडू लागतो. बंगळूरुमध्ये जुलै २०२४ मध्ये सिनेमा पाहायला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला धोतर नेसल्याबद्दल एका मॉलच्या दारात अडवले. गदारोळ झाला आणि कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. चेन्नईत २०१४ मध्ये क्रिकेट संघटनेच्या क्लबने वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच आत सोडले नाही. तेव्हा तमिळनाडू विधानसभेने महिनाभरात कायदा केला आणि वेष्टीवरून प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कार्यालयांसाठी वेशसंहिता काढली. जीन्स, टी-शर्ट आणि चपला नकोत, आठवड्यातून एकदा खादी घाला, असे त्यात होते. चर्चा जीन्सवरच अडकली. पण स्त्रियांच्या यादीत साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता यांच्याबरोबर ट्राउझर आणि शर्टही होता. पुरुषांसाठी शर्ट-पँट एवढेच. ज्या राज्याच्या मंत्रालयात धोतर-टोपीतले मुख्यमंत्री आणि आमदार वावरले, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत धोतराचे नाव नव्हते.

या सगळ्यात उदार ठरतो तो एक अनपेक्षित नियम. वकिलांच्या पोशाखाबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे ठरवले आहे त्यात पुरुषांसाठी काळा कोट, पांढरे बँड आणि गाऊन याबरोबर कमरेखाली लांब पँट किंवा धोतर असा पर्याय दिलेला आहे. जीन्स मात्र स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे आजही एखादा वकील धोतर नेसून न्यायालयात युक्तिवादाला उभा राहिला तर न्यायाधीश त्याला पोशाखावरून परत पाठवू शकत नाहीत. जीन्स घालून आला तर पाठवू शकतात.